आळंदीचा फेस आणि न मोजलेले नाले

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणी फेसाळली की छायाचित्रे छापून येतात, नमुना तपासायला नेल्याची बातमी येते आणि फेस ओसरला की विषय मिटतो. अशा वेळी धरणातून पाणी सोडण्याची मागणी हमखास होते. त्या पाण्याने फेस विरळ होतो. नाल्यांतून येणारे सांडपाणी तेवढेच राहते.

फेस आधी समजून घेऊ. आपल्या धुण्याच्या पावडरीत लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट नावाचा घटक असतो. प्राणवायू असलेल्या पाण्यात जिवाणू तो काही दिवसांत खाऊन टाकतात. प्राणवायू संपलेल्या, काळ्या पडलेल्या पाण्यात तो जवळजवळ तसाच पुढे सरकतो आणि बंधाऱ्यावरून पडताना हवा मिसळली की फेसाळतो. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपासही तो फेस धरू शकतो. म्हणजे फेस फक्त साबण सांगत नाही. वरच्या पट्ट्यात नदी गुदमरली असावी, अशी शंकाही त्यावरून घ्यायला हवी. हिवाळ्यात नदीचा मूळ प्रवाह घटतो, म्हणून तेव्हा फेस जास्त दिसतो. त्यावर फेस मारणारे रसायन फवारणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवणे.

नमुना कुठे आणि केव्हा घेतला जातो, यावर अहवालाचे निम्मे उत्तर आधीच ठरते. बंधाऱ्याच्या लगेच खाली पाणी आपटून हवा घेते, त्यामुळे तिथला विरघळलेला प्राणवायू फुगलेला दिसतो. नमुना बंधाऱ्याच्या वर, मुख्य धारेत, पृष्ठभागाच्या फूटभर खालून घ्यायला हवा. वेळही महत्त्वाची. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि आकडा लिटरला ८-९ मिलिग्रॅम दिसू शकतो. त्याच जागी पहाटे तो २ च्या खाली गेलेला असू शकतो. मासे मरतात ते पहाटे, आणि नमुना घेणारे पोहोचतात ते कार्यालय उघडल्यावर!

बाटली ३०० मिलिलिटरची, काचेच्या बुचाची, आत बुडबुडा न राहता भरलेली हवी. काठावरच तीत मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून प्राणवायू ‘बांधावा’ लागतो. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. एवढे तर तिथेच उभ्या माणसालाही दिसते. न बांधता बाटली गाडीतून प्रयोगशाळेत नेली तर वाटेत जिवाणू प्राणवायू वापरतात आणि येणारा आकडा नदीचा राहत नाही.

बीओडीचा (घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू; आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस मोजतात) अहवालही एकटा वाचू नये. घरगुती सांडपाण्यात बीओडी साधारणपणे सीओडीच्या (तीच घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या) निम्मा असतो. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्याचे क्रोमियम किंवा तांबे नमुन्यात असेल, तर चाचणीतले जिवाणूच मरतात आणि बीओडी छान कमी येतो. सीओडी भरपूर आणि बीओडी त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी, असे दिसले की वरच्या बाजूचे कारखाने तपासायला निघावे. कारखान्यावर कारवाई करायची तर नदीतला फेस बाटलीत भरून उपयोग नाही. नमुना त्याच्या सांडव्यावरच, १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, दोन भाग करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी सीलबंद करावा लागतो. यातली पायरी चुकली की अहवाल न्यायालयात टिकत नाही.

आता नाल्यांकडे. लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचा रोजचा भार किलोत सांगता आला पाहिजे. भार म्हणजे प्रवाह गुणिले तीव्रता. लिटरला २०० मिलिग्रॅम बीओडी असलेला, रोज २० लाख लिटर वाहणारा एक कच्चा नाला नदीत ४०० किलो बीओडी टाकतो. २० मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध केलेले दोन कोटी लिटर पाणीही तेवढाच भार टाकते. एक दुर्लक्षित नाला एका चांगल्या चाललेल्या प्रकल्पाचे काम असे पुसून टाकतो.

प्रवाह मोजायला महागडे यंत्र लागत नाही. नाल्यात आडवा पत्रा बसवून त्याला ९० अंशांची ‘व्ही’ खाच पाडावी. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची २० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे २५ लिटर म्हणजे दिवसाला २१ लाख लिटर वाहते. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो. म्हणून उंची खाचेपाशी न मोजता पाऊण-एक मीटर मागे मोजावी, कारण खाचेपाशी पाणी खाली ओढले जाते. मागे गाळ साचला किंवा पुढचे पाणी खाचेपर्यंत चढले, तर आकडे खोटे. सकाळी सात ते दहा नाला भरून वाहतो, दुपारी रोडावतो. त्यामुळे दर तासाला उंची नोंदवून प्रवाहाच्या प्रमाणात चोवीस तासांचा मिश्र नमुना करावा.

नाला अडवून पंपाने प्रक्रिया केंद्राकडे वळवला, तरी पंप बंद पडला की सगळे सांडव्यावरून नदीत जाते. कारणे ठरलेलीच: जाळीत अडकलेले प्लास्टिक आणि चिंध्या, वीज गेली, राखीव पंप दुरुस्तीला. पंपाला तास मोजणारा मीटर बसवावा. चाललेले तास गुणिले पंपाची क्षमता हा आकडा नाल्याच्या प्रवाहाशी ताडला, की किती पाणी निसटले ते कळते.

पाणी सोडून नदी धुण्याचा हिशेबही करून पाहावा. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) दहा लाखांहून जास्त असतात. स्नानाच्या पाण्यात कमाल २५०० चालतात. म्हणजे किमान ४०० पट विरलीकरण. वर सांगितलेल्या २० लाख लिटरच्या एका नाल्यासाठीच रोज ८० कोटी लिटर, म्हणजे सुमारे ३२७ क्युसेक स्वच्छ पाणी अखंड सोडावे लागेल. ब्लीचिंग पावडरही नाल्यात टाकून फारसे साधत नाही. तिच्यातला जंतू मारणारा क्लोरीन सांडपाण्यातला अमोनियाच खाऊन टाकतो. लिटरला २५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर मोकळा क्लोरीन उरण्याआधी दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. त्या एका नाल्याला रोज सव्वा टनाहून अधिक पावडर.

कार्तिक वद्य एकादशीला वारकरी हेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात. तेव्हा दर आठवड्याला नालानिहाय प्रवाह, बीओडी, सीओडी, अमोनिया आणि पंपाचे तास जाहीर करावेत. घाटावर फलक लावून त्यावर पहाटेचा प्राणवायू आणि कॉलिफॉर्मचा आकडा लिहावा. कॉलिफॉर्मच्या चाचणीला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून फलकावर नमुना कोणत्या तारखेचा, ते ठळक अक्षरांत असावे.

आपला,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक, चिंचवड