लेबलच्या पाठीवरचा हिशेब

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. अंबडच्या एका कारखान्यात आयुष्यभर सर्व्हर सांभाळून निवृत्त झालेले, चहात साखर नको पण दोन खारी मात्र हव्यातच म्हणणारे काका. ओळखणारे ओळखतील.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनचं कोटेशन आलं होतं. आम्ही सहा माणसं. चौघं कोड लिहितात, एकजण टेस्टिंग बघतो आणि सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, शिवाय ‘प्रिंटर चालत नाहीये’ ही रोजची आरती माझ्याकडे. द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी वजन, लेबल आणि पेटीचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कोटेशनमध्ये सहाही जणांना सरसकट व्हिज्युअल स्टुडिओची, म्हणजे कोड लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाची, सगळ्यात वरची एंटरप्राइझ सबस्क्रिप्शन धरली होती. आकडा बघून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी मात्र महिन्याला पैसे भरायचा एक स्वस्त प्लॅन शोधून ठेवला होता आणि स्वतःवर फार खूश होते.

तुम्ही सल्ला द्यायला आलात, भिजलेला रेनकोट दाराला अडकवलात, कोटेशन बाजूला सारलंत आणि विचारलंत, ‘‘कोड कोण लिहितं ते नंतर बघू. कुठलं मशीन बंद पडलं की गिऱ्हाईकाचा फोन येतो?’’ शेजारी लेबलचा रोल पडला होता. त्यातलं एक फाडून पाठीमागच्या कागदावर मधोमध रेघ ओढलीत. डावीकडे ‘फोन येतो’, उजवीकडे ‘फोन येत नाही’.

काका, तोपर्यंत मी प्लॅन वाचत होते ते वरून खाली, किमतीच्या क्रमाने. मशीनकडे पाहून वाचायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या सबस्क्रिप्शनमधून मिळणारं विंडोज सर्व्हर (सर्व्हर चालवणारी प्रणाली) किंवा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) फक्त बनवायला आणि तपासायला. खरं काम चालतं तिथे, म्हणजे रेघेच्या डावीकडे, त्याची ‘की’ (सॉफ्टवेअर चालू करायचा परवाना-क्रमांक) चालत नाही. आणि सबस्क्रिप्शन माणसाची असते, मशीनची नाही. टेस्टच्या सर्व्हरला पाच जण हात लावणार असतील तर पाचही जणांना हवी. गिऱ्हाईक येऊन नुसतं ‘हे बरोबर, हे चूक’ सांगणार असेल, तर त्याला नको.

इथे मी गप्प झाले, ते तुमच्या लक्षात आलं. दिंडोरी रस्त्यावरच्या एका गिऱ्हाईकाकडे चालू असलेला सर्व्हर आम्ही आमच्याच जुन्या सबस्क्रिप्शनच्या कीवर उभा केला होता. सीझन तोंडावर होता, घाई होती वगैरे. तुम्ही रागावला नाहीत. ‘‘हा डावीकडे लिही,’’ एवढंच म्हणालात आणि पेन माझ्या हातात दिलंत. माझ्याच अक्षरात लिहायला लावलंत, ते जास्त लागलं.

मग माझ्या लाडक्या स्वस्त प्लॅनची पाळी आली. महिन्याच्या त्या प्लॅनमध्ये कोड लिहायचं साधन मिळतं, पण टेस्टसाठीचं विंडोज सर्व्हर वगैरे काही मिळत नाही. ते मिळतं वर्षभराच्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’, सबस्क्रिप्शनमध्ये. म्हणजे मला नेमकं जे हवं होतं तेच त्यात नव्हतं. आणि चौघा कोडवाल्यांना मुळात विकत काही घ्यायचंच नव्हतं. २५० पेक्षा जास्त कॉम्प्युटर नाहीत, वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या वर नाही, अशा कंपनीत पाच जणांपर्यंत व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट चालते. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्तीही फुकट, फक्त रेघेच्या उजवीकडे. टेस्टचे सर्व्हर दोघांनीच हाताळायचे ठरलं आणि वर्षभराच्या दोन प्रोफेशनल (एंटरप्राइझच्या खालची पायरी) सबस्क्रिप्शन घेतल्या, टेस्टिंगवाल्याला एक नि मला एक. एंटरप्राइझमधल्या कुठल्या गोष्टी आम्ही वापरणार, असं तुम्ही विचारलंत तेव्हा साहेबांना एकही सांगता आली नाही.

डावीकडे मात्र तुम्ही नियमातला एक रुपयाही चुकवू दिला नाहीत. गिऱ्हाईकाच्या सर्व्हरला कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, आठच आहेत, म्हणून मी आठाचे पैसे धरले. तुम्ही आठ खोडून सोळा केलेत. विंडोज सर्व्हरला एका सर्व्हरमागे किमान १६ कोरचं लायसन्स घ्यावंच लागतं. त्यावर सर्व्हरला जोडणाऱ्यांची कॅल, म्हणजे जोडण्याचा परवाना, वेगळी. मी माणसं मोजली होती, दोन शिफ्ट मिळून अठरा. तुम्ही विचारलंत, ‘‘वजनकाट्यापाशी कॉम्प्युटर किती?’’ चार. बाया बदलतात, कॉम्प्युटर तेच राहतात. मग माणशी कॅल कशाला, डिव्हाइस कॅल चार घ्या. पॅकहाऊसमध्ये दहा वेळा जाऊन आलेली मी, आणि हे दिसलं तुम्हाला, जे तिथे कधी गेलाच नव्हता.

दुसरी खारी चहात बुडवताना तुम्ही जुन्या दिवसांत शिरलात. तेव्हा मायक्रोसॉफ्टची कोडवाल्यांसाठी एमएसडीएन आणि आपल्यासारख्या सर्व्हरवाल्यांसाठी त्याहून कितीतरी स्वस्त टेकनेट ही सबस्क्रिप्शन असायची. नवं सॉफ्टवेअर घरी लावून बघायचं, मोडायचं, परत लावायचं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने टेकनेटची विक्री बंद केली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं, असं म्हणालात. आता शिकायला विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती आहे, ती घरच्या जुन्या मशीनवर लाव, हेही तुम्हीच सांगितलंत. लावली आहे. दोनदा मोडूनही झाली.

पैशाचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. फेब्रुवारीत पाठवलेल्या द्राक्षांच्या दोन पेट्याही सोसायटीत वाटून टाकल्यात, हे तुमच्या वॉचमनकडून कळलं.

ते लेबल सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्यावर डावीकडे खाली तुम्ही ‘एक्सप्रेस, फुकट, १० जीबी’ असं लिहून गोल केला होता. एक्सप्रेस ही एसक्यूएल सर्व्हरची फुकट आवृत्ती, म्हणजे डेटाबेस तेवढ्यात मावत असेल तर पॅकहाऊसमध्येही एसक्यूएल सर्व्हरचे पैसे नकोत. २०२५ च्या आवृत्तीत ती मर्यादा ५० जीबी झाली आहे. आकडा मी बदललेला नाही. तुम्ही या आणि तुमच्या हाताने खोडा. खारी आणून ठेवते.

तुमची,
प्रिंटरवाली