मोटर बसवा, पण रहाट काढू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. कुठंतरी कठडा नसलेल्या विहिरीत गवा नाहीतर बिबट्या पडतो, वनखात्याची माणसं येतात, शिडी नाहीतर बाज खाली सोडतात, आणि बातमीच्या शेवटी गावकऱ्यांची मागणी असते की विहिरींना जाळ्या बसवा. मागणी बरोबरच आहे, मी पण त्याच मताचा. पण जाळी बसवताना काय घोटाळा होतोय ते कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तर सुरुवातीचं कापा, मधलं नको.

आमची चाळकेवाडीच्या सड्याकडं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराकडं, वडिलोपार्जित थोडी जमीन आहे आणि त्यात एक खोली. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढं पडवी, बास. सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे धनगरवाडा, तोही चालत वीस-पंचवीस मिनिटं. समोर पवनचक्क्या दिवसरात्र गरागरा फिरत असतात आणि आमच्या खोलीतला बल्ब मात्र लागला तर लागला, असा सगळा कारभार. विहीर आजोबांच्याही आधीची, आठ फूट रुंद. पावसाळ्यात पाणी वाकून तांब्यात घ्यावं इतकं वर येतं, कारण सड्यावरचा पाऊस जांभ्यातनं झिरपत खालच्या चिकट मातीवर जाऊन अडतो, पण जांभा म्हणजे चाळणीच, जसं येतं तसं पाणी वाहूनही जातं आणि मे महिन्यात ३२ फुटांवर उतरतं. तरी आटत नाही, हे विशेष.

पूर्वी विहिरीवर दोन दगडी खांब, आडवं लाकूड आणि रहाट होता. चार वर्षांपूर्वी वीज आली, मोटर बसवली, जनावर पडू नये म्हणून वर जाळी टाकून घेतली. जाळी करणाऱ्यानं खांब मधे येतायत म्हणून पाडले आणि चाक भंगारात गेलं. आम्ही पण काय बोललो नाही, खोटं कशाला सांगू, उलट बरं वाटलं, सगळं कसं स्वच्छ मोकळं दिसायला लागलं.

यंदा मे महिन्यात आईला घेऊन आठ दिवस राहायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी वळवाच्या पावसानं तीन पोल आडवे केले. फोन केला तर उद्या बघतो म्हणाले, आणि तो उद्या चार दिवसांनी उजाडला. टाकीतलं पाणी दुसऱ्या सकाळी संपलं. विहिरीत पाणी दिसतंय, सूर्य डोक्यावर आला की तळाशी चकाकतंय, आणि जाळीची भोकं चार इंची! बादली जात नाही, घागर जात नाही. शेवटी सुतळीला तांब्या बांधून सोडला. वर येईपर्यंत भिंतीला आपटून आपटून निम्मा रिकामा. तासभर मी आणि माझा आतेभाऊ आलटून पालटून ओढत होतो तेव्हा कुठं एक कळशी भरली. आई पडवीत बसून बघत होती, म्हणाली आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार असं ऐकलं होतं, तुमच्या आडात आहे पण पोहराच जाईना.

आतेभावाचं म्हणणं, साताऱ्यातनं पेट्रोलवरचा छोटा पंप भाड्यानं आणू. वर ठेवून पाइप खाली सोडायचा. आता हे लक्षात घ्या, पंप पाणी वर ओढतो म्हणजे खरं तर बाहेरची हवा ते ढकलत असते, आणि त्याला मर्यादा आहे. पुस्तकात समुद्रसपाटीला साधारण ३४ फूट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), पाइप, जॉइंट सगळं धरून २५ फुटांच्या पुढं भरवसा नाही, आणि सड्यावर हवा पातळ म्हणून अजून कमी. म्हणजे ३२ फुटांवरनं वरचा पंप ओढणारच नाही. मग पुढची आयडिया, पंपच दोरानं आत कपारीवर उतरवू. ही आयडिया माणसं मारते. इंजिनाचा धूर विहिरीत साठतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, एक खाली जातो, तो बोलत नाही म्हणून दुसरा जातो. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, कंदील विझला तर उतरायचं नाही हे बरोबर, पण कंदील जळतोय म्हणून उतरायला हरकत नाही हे चूक, विषारी वायू असला तरी ज्योत जळत राहू शकते.

तेवढ्यात धनगरवाड्यावरचे एक बाबा म्हशी घेऊन चालले होते, त्यांनी आमचा तमाशा बघितला आणि काही न बोलता परत गेले. अर्ध्या तासानं हॅक्सॉ, सुती सोल म्हणजे जाड दोर आणि एक लोखंडी कप्पी घेऊन आले. जाळीच्या गजाचे तुकडे कापून बादलीपुरतं भोक केलं, वर दोन वासे तिरके बांधून कप्पी अडकवली. मी मोठ्या उत्साहानं बादली सोडली तर ती पाण्यावर जाऊन होडीसारखी तरंगायला लागली, कितीही दोर हलवा, बुडायला तयार नाही. बाबा म्हणाले, "आरं तिला कलंडाय लावा की." मग बादली वर घेऊन काठाला एका बाजूला तारेनं दोन जाड नट बांधले. आता ती पाण्याला टेकली की त्या बाजूला आपोआप कलंडते, गुडुप करून भरते, आणि दोर ताणला की सरळ होते. एवढीशी गोष्ट, पण मला पन्नास वर्षांत माहिती नव्हती, कारण रहाट ओढला तो आईनं आणि आत्यानं, आम्ही पोरं फक्त पाण्यात दगड टाकायला.

कप्पीनं वजन कमी होत नाही बरं का, दहा लिटरची बादली दहा किलोच आणि वर ओल्या दोराचं वजन. फरक एवढाच की वाकून वर ओढण्याऐवजी उभं राहून खाली ओढायचं, अंगाचा भार लावता येतो आणि बादली भिंतीला घासत नाही. वीस मिनिटांत आठ बादल्या झाल्या. नायलॉनचा दोर मात्र हातातनं सटकतो आणि तळवे सोलतो, सुती सोल पकडायला चांगला पण ओला ठेवला तर कुजतो, वाळवून ठेवायचा हे पण बाबांनीच सांगितलं. नवव्या बादलीला गाठ सुटली आणि बादली तळाला. आतेभाऊ चप्पल काढायला लागला, म्हणलं गप बस. दोराला गळ बांधून काढली, वेळ लागला पण निघाली.

प्यायचं पाणी चार पदरी धोतरातनं गाळून चांगलं उकळलं. खाली आल्यावर आरोग्यसेविकांना विचारून विहिरीत टाकायच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा हिशोब पण घेतला. ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. आमच्या आठ फुटी विहिरीत सहा फूट पाणी म्हणजे साधारण साडेआठ हजार लिटर, तर वीस ते चाळीस ग्रॅम झाली. लोक मूठभर पावडर वरनं फेकतात ते चूक. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून हलवायची, शक्यतो संध्याकाळी, म्हणजे रात्रभर क्लोरीनला काम करायला वेळ मिळतो.

तर मुद्दा असा. आपल्याच जिल्ह्यात लिंबला बारा मोटेची विहीर आहे, विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. शनिवार-रविवार फोटो काढायला गर्दी असते. तिथं वर उभं राहून जरा बघा, एकावेळी बारा मोटा चालतील अशी सोय दगडातच करून ठेवलेली आहे. म्हणजे त्या काळी विहीर बांधायची तर पाणी वर कसं येणार हे तिच्याबरोबरच बांधायचे. आपण ते काढून टाकतोय, आणि सगळा भार विजेच्या एका डीपीवर आणि एका केबलवर.

ग्रामपंचायतींनी, आणि आमच्यासारख्यांनी पण, जाळी जरूर बसवावी, फक्त तिला दोन फुटांचं झाकण ठेवावं, कडी-कुलूप लावावं, कठडा करावा आणि रहाटाचे खांब तसेच ठेवावेत. पाडले असतील तर एक लोखंडी कमान आणि कप्पी, बास. सार्वजनिक विहिरींच्या जाळीचं काम देताना हे कागदावरच लिहून दिलं तर ठेकेदार करतील, नाहीतर ते कशाला करतायत, खांब पाडला की त्यांचं काम सोपं होतं. नळयोजना झालीय, आता विहीर कशाला असं कुणी म्हणेल, पण त्या नळाचं पाणी पण मोटरच चढवते ना.

आम्ही झाकण करून घेतलं, कमान पण उभी केली. रहाटाचं चाक मात्र दुकानात कुठं मिळेना, दोन महिने शोधत होतो. शेवटी एका भंगारवाल्याकडं मिळालं, किलोच्या भावानं, कुणाच्या तरी विहिरीवरचं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा