एक्सेलमधील आलेखाच्या अक्षाचे शीर्षक सेलला जोडावे

महोदय,

जुलैच्या मध्यावर एका सकाळी आमच्या चिपळूणमधील व्हॉट्सॲप गटात तालुक्यातील पावसाचा स्तंभालेख आला. उभ्या अक्षावर 'गेल्या २४ तासांतील पाऊस (मिमी)' असे लिहिलेले होते आणि एका महसूल मंडळाचा स्तंभ १,२४० च्या रेषेला टेकला होता. ते आकडे खरे तर १ जूनपासूनच्या एकूण पावसाचे होते. परंतु २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले होते, त्यांना हे उमगण्याआधीच धडकी भरली. आमच्या शेजारच्या काकूंनी तांदळाचा डबा आणि घराची कागदपत्रे माडीवर चढवायला घेतली होती. दुरुस्त आलेख आला तो तासाभराने.

हा आलेख करणाऱ्याला मी दोष देत नाही. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचे हिशेब मी वर्षानुवर्षे एक्सेलमध्ये ठेवत आलो आहे आणि ही चूक कशी होते, हे मला ठाऊक आहे. कालच्याच फाइलमध्ये नवे आकडे भरले की स्तंभ आपोआप बदलतात, अक्षावरची मापेही बदलतात. मात्र अक्षाचे शीर्षक हाताने टाइप केलेले असल्यामुळे ते आहे तसेच राहते. आकडा एका गोष्टीचा आणि नाव दुसऱ्याच गोष्टीचे, असा आलेख मग सर्वत्र फिरतो.

यावरचा उपाय एक्सेलमध्येच आहे आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. अक्षाच्या शीर्षकावर एकदा क्लिक करून ते निवडावे, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये जाऊन बरोबरचे चिन्ह (=) टाकावे, ज्या सेलमध्ये, म्हणजे तक्त्यातील ज्या घरात, शीर्षक लिहिले आहे त्यावर क्लिक करावे आणि एंटर दाबावे. बारमध्ये शीटचे नाव, उद्गारचिन्ह आणि डॉलरच्या खुणांसह सेलचा पत्ता दिसला, म्हणजे जोडणी झाली. बरोबरचे चिन्ह शीर्षकाच्या चौकटीत टाकले तर ते केवळ अक्षर म्हणून उमटते. पुष्कळ जण येथेच अडतात आणि नाद सोडतात.

शीर्षकाला फक्त सेलचा पत्ता चालतो, सूत्र चालत नाही. म्हणून जुळवाजुळव सेलमध्येच करावी लागते: एका सेलमध्ये 'पाऊस (मिमी)', दुसऱ्यात तारीख, आणि तिसऱ्यात अँडच्या चिन्हाने (&) जोडलेले पूर्ण वाक्य. तारीख मात्र टेक्स्ट (TEXT) या फंक्शनमधून घ्यावी, नाहीतर १ जून २०२४ च्या जागी ४५४४४ असा आकडा उमटतो. याहून चांगले म्हणजे '२४ तास' आणि '१ जूनपासून' अशी ड्रॉपडाउन यादी एका सेलमध्ये ठेवावी आणि आकडे व शीर्षक दोन्ही त्याच सेलवरून ठरू द्यावेत, म्हणजे एक बदलले आणि दुसरे राहिले असे होणारच नाही. पुढे कोणी घाईत त्या शीर्षकावर थेट टाइप केले तर जोडणी तुटते, एवढे कामावरच्या प्रत्येकाला सांगून ठेवले पाहिजे.

कोकणात हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. हवामान खात्याचा दैनिक पाऊस म्हणजे सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांचा पाऊस, आणि मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला की महसूल यंत्रणा त्याला अतिवृष्टी धरते. पिकाच्या नुकसानीचे पंचनामे याच मोजणीवर अवलंबून असतात. भाताचे खाचर वाहून गेलेल्या शेतकऱ्याला आलेखातील स्तंभ दिवसाचा आहे की हंगामाचा, हे एका नजरेत कळायलाच हवे.

तेव्हा पावसाचे, धरणसाठ्याचे व नदीच्या पातळीचे आलेख प्रसिद्ध करणाऱ्या तालुका आणि जिल्हा पातळीवरील सर्व कार्यालयांनी आपल्या मूळ फाइलमधील दोन्ही अक्षांची शीर्षके येत्या पावसाळ्याआधी सेलला जोडून घ्यावीत आणि त्यांत एकक व कालावधी दोन्ही असावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकात पावसाळ्यात येणाऱ्या आलेखांनाही तीच शिस्त लावावी.

आपला,
एक वाचक, चिपळूण, जि. रत्नागिरी