पळालेली घोडी शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. ताई वाचून दाखवेल तेव्हा कृपा करून उठून जाऊ नका.

ती 1967 ची एमजीबी जीटी मी घेतली तेव्हा मला गाडीतलं काही कळत नव्हतं. कळतं असं मात्र वाटत होतं. राहायचं ऑक्सफर्डला आणि शेजारच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये जन्मलेली गाडी दारात नको? एवढंच कारण. कारखान्याच्या कागदावर 1798 सीसी आणि 5400 आरपीएमला 95 हॉर्सपॉवर. माझी गाडी चढाला लागली की मागची व्हॅन हॉर्न वाजवायची. एका दुकानदाराने उपाय सांगितला: जहाल कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा), आणि जमलं तर मोठा वेबर कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा). कॅम घेऊनही टाकला. पैसे भरून झाल्यावर कॉव्हेंट्रीला तुमच्याकडे आलो, खोकं दाखवायला.

खोकं तुम्ही उघडलंही नाही. बॉनेट उघडलंत आणि हसलात. "अरं, हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसडरचं थोरलं भावंड!" मला तोवर माहीतच नव्हतं. आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं ते 1489 सीसीचं इंजिन आणि माझं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) बी-सिरीजचीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली टॅक्स्यांची हेडं, म्हणजे इंजिनांची वरची झाकणं, उतरवत तुम्ही मोठे झालात. तुम्हाला मॅन्युअल लागणार कशाला?

आणि मग हॉर्सपॉवरला घोडी म्हणत ते वाक्य: "नवी घोडी आणायच्या आधी घरातली कुटं पळाली ती बघ की."

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं. तीन सिलिंडर 155 ते 160 पीएसआय, तिसऱ्या नंबरचा 105. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायला लावलंत. काटा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, व्हॉल्व्ह गळतोय. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळलेली दिसली. ही हेडं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. ते पेट्रोल इंग्लंडच्या पंपांवरून 2000 साली गेलं. बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्ह टेकतो ती जुनी मऊ सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट आपोआप बुजते आणि एक दिवस तो नीट मिटेनासा होतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून मी खूश होतो! "गप बसलेल्या टॅपेटला भ्यायचं," असं तुम्ही म्हणालात.

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं काय सांगू. आगाऊ स्पार्क देणारी एक स्प्रिंग तुटलेली, शाफ्ट डुगडुगणारा. गाडीतल्या एसयू कार्ब्युरेटरच्या स्पिंडलमधून (झडपेच्या दांड्याजवळून) हवा चोरून आत येत होती आणि मी मूर्ख पेट्रोलचं जेट खाली-वर करत बसलो होतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे ओढतात का, हे तुम्ही रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकलंत. मलाही ऐकवलंत. पहिले तीन दिवस मला दोन्हीकडे नुसता वारा ऐकू आला, खोटं कशाला बोलू.

कॅमबद्दल मात्र मी हटून बसलो होतो. तेव्हा तुम्ही हेड उलटं करून दाखवलंत. सिलिंडर चार, हवा आत घ्यायला पोर्ट दोनच. "एका नळावर दोन बिऱ्हाडं. एकानं भरून घेतलं की दुसऱ्याची घागर अर्धी." जहाल कॅमने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहणार, म्हणजे ही ओढाताण आणखी वाढणार, आणि गावातल्या रहदारीत गाडी धड चालणारही नाही. त्यापेक्षा नळ सुधारा. कडक एक्झॉस्ट सीटा बसवून घेतल्यात, सीटांना तीन कोनांची धार दिलीत, व्हॉल्व्हच्या गाइडजवळचा ओतकामाचा उंचवटा उतरवलात. पोर्ट मोठा करायचा नाही, वळण मऊ करायचं, हे दिवसातून चारदा ऐकवलंत. दोन रविवार गेले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि हातातला ग्राइंडर माझ्याकडे द्यायला तयार नाही!

आधी रोलिंग रोडवर (चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चाकांना 61 हॉर्सपॉवर मिळत होती. हेड बसवल्यावर, कार्ब्युरेटरच्या सुया एक पायरी श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणाऱ्या, घातल्यावर आणि ठिणगीचं टायमिंग सगळं मिळून 32 अंशांवर आणल्यावर 83. कागदावरचा 95 हा फ्लायव्हीलवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या टोकाचा, आकडा. वाटेत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपला वाटा खातात. म्हणजे पळालेली सगळी परत आली, वर चार पाहुणीही आली. आणि इंजिनाचा खालचा भाग आपण उघडलाही नव्हता.

दुकानदार कॅम परत घेत नाही. सध्या त्या खोक्याचा शेडच्या दाराला टेकू आहे.

पैशाचं नाव काढलं तर रागावलात. आई पुण्याहून येतेय. तिला जयसिंगपूरचं भडंग आणायला सांगितलंय, दोन किलो. आणि पाचशे मैल झाले, टॅपेट पुन्हा बघायचेत. फट मोजायचा फीलर गेज तुमच्याकडेच राहिलाय. शनिवारी येतो.

तुमचा,
खोकेवाला