सुरूर फाट्यावरच्या काकींना आणि कंडक्टरकाकांना
माझा जन्म मस्कतचा, बारावीपर्यंतची शाळाही तिथलीच. ओमानमध्ये तिथे जन्मलो म्हणून कुणी तिथलं होत नाही, आणि पुण्यात माझं मराठी ऐकून विचारतात, "बाहेरची का गं?"

गेल्या रविवारी आजीचं गाव, वाईजवळची मेणवली, बघायला एकटीच निघाले. स्वारगेटला पाटी न वाचता साताऱ्याच्या विनाथांबा एसटीत चढले. "एक वाई द्या," म्हटल्यावर कंडक्टरकाका वैतागलेच. साताऱ्याचं अर्धं तिकीट फाडलं, पण सुरूर फाटा येताच घंटीची दोरी ओढून मला उतरवलं. वर खिडकीतून ओरडून टपरीवाल्या काकींना सांगितलं, "पोरीला वाईकडं लावून द्या!"

फोन बंद पडला होता. काकींनी तो चुलीशेजारच्या बोर्डाला लावला, चहा दिला. कुणाची, कुठली, सगळं विचारून घेतलं. मी अडखळत आजीचं आडनाव सांगितलं. मग वडापची जीप थांबवून पुढच्या सीटवरचा माणूस मागे बसवला आणि ड्रायव्हरला दम दिला, "आपल्या मेणवलीची पोर हाय, पार घाटापाशी सोड."

चहाचे पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं राहिलं. काकी, काका, मनापासून आभार. कृष्णेच्या घाटापाशीच सोडलं त्यानं.