आई-बाबांना पत्र, 11 डिसेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

सवयीने दोघांना मिळून लिहिलं आणि मग हात थांबला. आता खोडत नाही, राहू दे तसंच, नाहीतरी यातलं अर्धं बाबांनाच सांगायचंय. आणि आई, फोनवर हे मला जमलं नसतं, मी रडले असते आणि तू मलाच समजावत बसली असतीस.

आज पहाटे चारला आपोआप जाग आली. अलार्म नाही, काही नाही. बाबा, तुम्ही असतात तर सगळ्या घराचे लाईट लावून आम्हाला शाली गुंडाळून अंगणात उभं केलं असतंत. 1967 ला चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे, आणि तुमच्या घराची मागची भिंत तुम्ही झोपला होतात तिथेच आडवी झाली होती, आजोबांनी पायाला धरून ओढलं म्हणून वाचलात. ती भीती तुमच्या अंगातून गेलीच नाही. आई दरवर्षी म्हणायची, भूकंप काय तारीख बघून येतो का, आणि म्हणता म्हणता चहा टाकायची. आज मी पुण्यात सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत शाल घेऊन उभी राहिले, खालून वॉचमन टकामका बघत होता. आई, तू पण उठली होतीस. साडेचारचं लास्ट सीन बघितलंय मी तुझं.

परवा इथे येताना पिशवीत बाबांचा एसटी कंडक्टरचा बिल्ला आला, तो तांब्याच्या डब्यातला, कसा आला माहीत नाही, का तूच टाकलास? तेहतीस वर्षं छातीवर होता तो, 1974 ते 2007. ट्रे आणि पंच डेपोत जमा करून आले त्या दिवशी रात्री जेवले नव्हते, आठवतंय का? आपल्याला सगळं टप्प्यांत मोजायची सवय लावली त्यांनी, सहा किलोमीटरचा एक टप्पा, शाळेत मला अंतर विचारलं की मी आधी टप्पे सांगायचे आणि मग सहाने गुणायचे, बाई वैतागायच्या. आणि तिकिटाच्या मागे बाकी लिहायचे ना पॅसेंजरची, सुट्टे नसले की, तसंच घरी पण, तुझं वाण्याचं सामान, माझी फी, सगळं तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने. तेराव्याला मोरगिरीचे एक आजोबा आले होते. वस्तीच्या गाडीला बाबा असले की त्यांच्याकडे भाकरी खायचे. ते म्हणाले, एकदा माझे दोन रुपये बाकी राहिले तर हा माणूस तिसऱ्या दिवशी घर शोधत आला. दोन रुपयांसाठी. मला तेव्हा हसूच आलं, कारण आपल्याला लहानपणी वाटायचं की बाबा कंजूष आहेत.

पंचाहत्तरी झाल्यावर एसटी फुकट झाली तर केवढी मजा वाटली होती त्यांना. शून्य रुपयाचं तिकीट तरी दे बाबा, असं त्या पोरसवदा कंडक्टरला सांगून मागून घ्यायचे आणि पाकिटात ठेवायचे. अजून आहेत त्यात, टाकून देऊ नकोस.

आणि दवाखान्यातलं ते. शेवटचे दोन दिवस बोलणं बंद झालेलं, कॉटच्या दांडीवर अंगठी आपटायचे, टक टक. मला वाटलं पाणी पाहिजे, सिस्टर म्हणाल्या दुखत असेल. तू पदराने डोळे पुसत म्हणालीस, अगं डबल बेल आहे ती, रात्र झाली, घरी निघा म्हणतायत. पन्नास वर्षं संसार केल्याशिवाय हे कुणाला कळणार.

आता जे सांगायचंय ते. बाबा, आधी तुम्हाला. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी तुम्ही ओसरीवर मोठ्याने वाचलीत आणि मला म्हणालात, मी गेल्यावर हिच्या कपाळाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, लक्षात ठेव. आई चिडली, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नका म्हणाली. मी हसले, हो म्हणाले.

आणि त्या दिवशी, तुम्हाला न्यायच्या आधी, बायका पुढे झाल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. हातात तुळशीच्या पाण्याचा तांब्या होता. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. इतकी माणसं, त्यात आत्या रडत होती, वाद नको वाटला, ही सगळी नंतर सुचलेली कारणं. मी घाबरले, बस. सहा महिने झाले, बांगड्या फुटल्याचा आवाज जात नाही कानातून.

आई, तू यावर एक शब्द बोलली नाहीस. दर वेळी व्हिडिओ कॉलवर कॅमेरा कपाळाच्या खाली धरतेस, मला दिसतं गं. मी चुकले. तुला लावायची नसेल टिकली तर नको लावूस, तो तुझा प्रश्न, मी आता उलटी जबरदस्ती करणार नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून थांबली असशील तर मी येतेय, आणि या वेळी तांब्या खाली ठेवीन.

बाकी किरकोळ. पेन्शनचा 10-डी फॉर्म मी भरून आणते, निम्मीच मिळेल तुला आणि आधीच काय होती ती, तरी सोडायची नाही. मृत्यूदाखला, पासबुक, आधार एका पिशवीत काढून ठेव. गॅसचा पाईप बदलून घे.

शनिवारी स्वारगेटवरून पहिली गाडी धरते. रविवारी आपण दोघी चिपळूणला मावशीकडे जाऊ, कार नको, एसटीनेच, कुंभार्ली घाटात तुला खिडकी. संक्रांतीचं वाण पण तिथूनच आणू, ते वाटायचं की नाही ते तू ठरव. तिकिटं मी काढते, आपल्या दोघींचं हाफ.

तुमची,
धाकटी