गूळ-मध घातलेल्या ग्रॅनोला बारला 'शुगर फ्री' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत ग्रॅनोला बारची रेसिपी आली होती, मथळा होता 'घरच्या घरी शुगर फ्री ग्रॅनोला बार'. मी ती कापून फ्रिजवर चिकटवली आणि पुढच्याच रविवारी केली पण. बार छान झाले, पोरांना खूप आवडले, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या मथळ्याबद्दल.

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. पथ्याला एकदम पक्के, दोन्ही वेळ दादरची म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची भाकरी, चहा बिनसाखरेचा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस समोर आला तरी दोन घास घेऊन ताट सरकवणारा माणूस. त्या दिवशी दुपारच्या चहाबरोबर त्यांनी एक बार खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. मी म्हटलं अण्णा बस करा आता, तर म्हणे, "पेपरमा छापेल शे ना शुगर फ्री, मंग काय व्हस?" मी पण गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं, साखर तर एक चमचा पण घातली नव्हती ना. संध्याकाळी मशीनवर बोट टोचलं तर २९० आली, एरवी १७० च्या आसपास असते. रात्रभर तहान, सारखं उठणं, घरात कोणाला झोप नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, काल वेगळं काय खाल्लं, आणि मी रेसिपी दाखवली तर त्यांनी मध आणि खजूर या दोन शब्दांवर पेनाने गोल केला. तो गोल केलेला कागद अजून फ्रिजवर आहे.

घरी येऊन मी हिशोब मांडला. रेसिपीत खजूर २०० ग्रॅम आणि मध १५० ग्रॅम, त्याचे बार १२. खजुरात शंभर ग्रॅमला साधारण ६५ ग्रॅम साखर असते, मधात ८० च्या आसपास. म्हणजे सगळी मिळून अडीचशे ग्रॅम, एका बारमध्ये वीस-एकवीस ग्रॅम. अण्णांनी तीन खाल्ले, म्हणजे साठ ग्रॅमच्या वर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी बारा चमचे साखर, आणि ओट्सचं पिष्ट वेगळंच, त्याचीही शेवटी रक्तात साखरच होते. आपण मात्र म्हणतो साखर घातली नाही.

पॅकेटवर कंपनीला 'शुगर फ्री' लिहायचं असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली त्यात मधाची साखर पण धरलेली आहे, आणि शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असं त्यांचं म्हणणं आहे. गुळाचं पण तेच. गूळ म्हणजे मुख्यतः ऊसाची साखरच, कॅलरी पण जवळजवळ तेवढ्याच. आमच्याकडे लोक साखर बंद केली म्हणून चहात गुळाचा खडा टाकतात आणि बिनधास्त दोन कप पितात, त्यात पेपरातनं असं छापून आलं की मग कोणाचं ऐकत नाहीत.

बार करू नका असं मी म्हणत नाही. मी अजून करते, पोरांच्या डब्याला बिस्किटाच्या पुड्यापेक्षा कधीही बरे. फक्त आता माझ्या पद्धतीनं करते. ओट्स १५० ग्रॅम, शेंगदाणे १५०, तीळ ५०, भोपळ्याच्या बिया ३०, आणि नागपंचमीला आणतो त्या ज्वारीच्या लाह्या दोन मुठी. ओव्हन आमच्याकडे नाही, सगळं जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर वेगवेगळं भाजायचं, तीळ सगळ्यात शेवटी कारण ते तडतडले की लगेच करपतात. शेंगदाण्याची सालं पाखडून अर्धे दाणे भरड ठेवायचे, अर्धे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवायचे, खरी युक्ती हीच आहे, त्या लगद्यानं बार धरून राहतो म्हणून गूळ कमी लागतो. गूळ फक्त १२०, चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बोटांनी मऊ गोळी झाली की गॅस बंद. तो थेंब कट्ट वाजला तर समजायचं चिक्कीचा पाक झाला, मग अण्णांच्या कवळीला तो बार चालत नाही. लगदा आणि बाकीचं सगळं गरम असतानाच पाकात कालवायचं, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं जोर देऊन दाबायचं, कोमट असताना सुरी मारायची. अठरा बार होतात, एकात गूळ साडेसहा-सात ग्रॅम. तुमच्या रेसिपीइतके गोड लागत नाहीत, पहिल्यांदा पोरांनी तोंड वाकडं केलं, आता तेच मागतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा मात्र फ्रिजमध्येच ठेवावे लागतात, नाहीतर चिकट होतात.

हे पण शुगर फ्री नाहीत, आणि मी कोणाला तसं सांगत पण नाही. अण्णांना डॉक्टरांना विचारून अर्धा बार देते, तोही रोज नाही.

तुम्हाला विनंती एवढीच की त्या मथळ्याचा खुलासा छापा, आतल्या पानात बारीक अक्षरात नको, त्याच पुरवणीत त्याच जागेवर. आणि यापुढे गोड पदार्थाची रेसिपी छापताना माप वाटीबरोबर ग्रॅममध्ये पण द्या, आणि खाली एक ओळ टाका, एका नगात साखर किती, गूळ-मध-खजूर सगळं धरून. आमच्या गल्लीत तुमचा पेपर सात घरी येतो आणि त्यातल्या चार घरात शुगरचा पेशंट आहे. दोघींनी ती रेसिपी माझ्यासारखीच कापून ठेवली होती, त्यांना मी जाऊन सांगून आले.

एक वाचक, अमळनेर